निजलेला डबा

कुशाकाकाची होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली, तेव्हा तिच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, बसवलेला रेडिओचा डबा अजून हिरवा लुकलुकत होता.

आडबंदरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. माणसांनी होडी सुलटी केली, आतलं पाणी उपसलं, जाळ्याचा गुंता कापून काढला. काका काही त्यात नव्हता. तो नंतरही सापडला नाही. पण डबा मात्र कुणी तरी आपल्याशी बोलेल म्हणून वाट पाहत बसावं तसा लुकलुकतच होता. हिरवा दिवा म्हणजे ‘मी ऐकतो आहे’. लाल म्हणजे बिघाड. दिवाच नाही म्हणजे डबा बंद. एवढं तर बंदरावरच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक.

आणि सातवीतल्या सुरंगीचं कोडं नेमकं इथेच सुरू झालं. वादळाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या मनोऱ्यातून इशारा वेळेवर सुटला होता. बाकीच्या होड्या तो ऐकून धावत परत आल्या. काकाचा डबा धडधाकट होता, जागा होता, ऐकत होता. मग काका परत का आला नाही?

गावाने या कोड्याचं उत्तर झटपट देऊन टाकलं.

“इशारो गेल्लो. सगळ्यांक गेल्लो,” गावाचे पुढारी आबा गावकर म्हणाले. “कुशान ऐकूक नाय. मासो मिळता म्हणान थांबलो. त्येका आमी काय करतलों?”

आडबंदरात मासेमारीचा मोसम संपला की होड्या वाळूवर ओढतात आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. त्याआधी, त्या वर्षी दर्याने ज्याला नेलं त्याचं नाव मोठ्याने घेऊन गावाच्या वतीने एक नारळ पाण्यात सोडतात. पण हे डबे आणि इशारे आल्यापासून गावाने एक नियम केला होता. इशारा मोडून जो गेला, त्याचं नाव घ्यायचं नाही. नारळही नाही. नियम चांगल्यासाठीच केला होता, लोकांनी इशाऱ्याला घाबरावं म्हणून. आता तो कुशाकाकावर चालून आला होता.

सुरंगीला हे पटेना. कारण तिला काकाचं एक गुपित माहीत होतं. शाळा सुटली की ती बंदरावरच्या खोलीत जायची आणि तिथल्या यंत्रावरून एक कोडं समुद्रावर पाठवायची. ज्या होड्यांना हौस असेल त्यांनी ते ऐकावं. काका रोज ऐकायचा आणि रोज उत्तर पाठवायचा. बहुतेक वेळा मुद्दाम चुकीचं, म्हणजे सुरंगी चिडेल. पण उत्तर पाठवल्याशिवाय तो कधी राहिला नाही. वादळाच्या दिवशी तिने कोडं पाठवलं होतं इशाऱ्याच्या थोडं आधी. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

म्हणजे कोडंही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. जे कोड्याचं झालं, तेच इशाऱ्याचं झालं असणार. हे तिने घरी सांगितलं, तेव्हा आईने डोळे पुसले आणि बाबा उठून बाहेर गेला. लवू आणि कुशा हे जुळे भाऊ. कुशा गेल्यापासून लवू, म्हणजे सुरंगीचा बाबा, घरात असूनही नसल्यासारखाच होता.

त्यानंतर सुरंगीने कोडी पाठवणं सोडून दिलं.

*

शेवंतीकाकीची पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी बंदराच्या मागे होती. काका गेल्यावर शिंपणं एकटीने होईना, म्हणून सुरंगी सुट्टीच्या दिवशी तिच्या मदतीला जायची. त्याच वाडीत आठवड्यातून एकदा कासव यायचं.

कासव म्हणजे बोये दुरुस्त करणारा यंत्रमानव. (बोया म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेलं तरंगतं यंत्र. किनाऱ्यावरचा संदेश ते रेडिओने ऐकतं आणि पुढे पाठवतं.) त्याला चार वल्ह्यांसारखे हात होते आणि पाठीवर काळी चकचकीत ढाल होती, जी उन्हातून वीज बनवायची. खाऱ्या पाण्याचे थर सांध्यांत बसू नयेत म्हणून ते गोड्या पाण्याने अंग धुवायला काकीच्या विहिरीवर यायचं.

“मेल्या, सगळा मीठ माझ्या वाडयेत सोडतंस,” काकी दर वेळी म्हणायची. “झाडां मरतली माझी.”

“मी पोफळींपासून लांब, माडाच्या बाजूला धुतो,” कासव दर वेळी म्हणायचं. “माडाला थोडं मीठ चालतं. पोफळीला चालत नाही.”

“शाणो मोठो,” म्हणत काकी कोयती घेऊन झापं सोलायला बसायची.

त्या दिवशी सुरंगीने पाण्याचा पंप सुरू केला आणि पाटाच्या काठावर येऊन बसली. होड्या ओढायचा दिवस आता तोंडावर आला होता.

“कासवा, दिवा हिरवा असताना संदेश मिळत नाही, असं होऊ शकतं?”

“होऊ शकतं.”

सुरंगी ताडकन उठली. “मग इतके महिने सांगितलं का नाहीस?”

“तू आज विचारलंस. नीट सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. बस.” कासवाने अंगावरचं पाणी निथळू दिलं. “ही सगळी झाडं तू कळशीने शिंपलीस तर काय होईल?”

“हात तुटतील.”

“झाडांचं काय होईल ते विचारतो आहे. प्रत्येक झाडाला वेगळी कळशी. विहिरीपासून निघणारी पायवाट एकच आणि तीही अरुंद. शेवटच्या पोफळीला पाणी केव्हा मिळेल?”

“संध्याकाळी. तोवर ती सुकेल.”

“आधी समुद्रावर असंच चालायचं. मनोरा प्रत्येक होडीसाठी संदेशाची वेगळी प्रत पाठवायचा. साठ होड्या असतील तर त्याच नकाशाच्या साठ प्रती, आणि सगळ्या पहिल्या बोयाच्या एकाच अरुंद रेडिओवाटेतून. वादळाचा नकाशा मोठा असतो. शेवटच्या होडीला तो मिळेपर्यंत वादळ येऊन गेलेलं असायचं.”

“मग?”

“मग कुणी तरी वाडीकडे पाहिलं असेल.” कासवाने एक वल्हं पाटाकडे केलं. विहिरीपासून निघालेला एकच पाट, मध्ये फाटे, फाट्यांना पुन्हा फाटे आणि शेवटी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी आळं. “याला बहुप्रसारण म्हणतात. (एकच संदेश, ज्यांना हवा आहे अशा अनेकांना, एकाच वेळी पाठवण्याची रीत.) मनोरा एकच प्रत पाठवतो. जिथपर्यंत सगळ्यांची वाट एक आहे, तिथपर्यंत ती एकच प्रत जाते. जिथे वाट फुटते तिथेच, आणि तिथेच फक्त, दुसरी प्रत तयार होते. म्हणून अरुंद वाटेवर गर्दी होत नाही.”

सुरंगीने पाटाकडे पाहिलं. पाणी पहिल्या फाट्याशी आलं, दोन्हीकडे वळलं. “पण पाणी फाट्यावर अर्धं होतं.”

“शाब्बास. तिथे तुझा पाट आणि माझा संदेश वेगळे पडतात. संदेश फाट्यावर अर्धा होत नाही. दोन्हीकडे पूर्णच्या पूर्ण जातो.”

“आणि कुठे वळायचं ते बोयाला कसं कळतं? पाण्याला उतार असतो.”

“खालून मागणी येते. ज्या होडीला इशारे हवे आहेत तिचा डबा थोड्या थोड्या वेळाने जवळच्या बोयाला सांगतो, ‘मला हवं आहे.’ बोया त्याच्या वरच्या बोयाला सांगतो, ‘मला हवं आहे.’ असं करत मागणी मनोऱ्यापर्यंत चढते. ज्या वाटेने मागणी चढली, त्याच वाटेने संदेश उतरतो. आता यातली काटकसर पाहा. एका बोयाकडे दहा होड्यांनी मागितलं, तर तो वर किती वेळा मागेल?”

“दहा.”

“एकदाच. वरच्याला इतकंच कळायला हवं की इकडे कुणी तरी आहे. किती आहेत आणि कोण आहेत हे कळून त्याला काय करायचं आहे? एक प्रत पाठवली की झालं.”

“आणि मागणी आली नाही तर?”

कासवाने पाटाच्या काठची मातीची एक ढेकूळ उचलली आणि एका फाट्याच्या तोंडात ठेवली. पाणी तिथे अडलं आणि सरळ पुढे निघून गेलं. “छाटणी. एखाद्या फाट्याकडून बराच वेळ मागणी आली नाही, तर बोया समजतो की इकडे कुणी उरलेलं नाही. मग तो तिकडे पाठवणं थांबवतो. बोयाची वीज उन्हावर येते, ती थोडीच असते. रिकाम्या समुद्राशी बोलत बसला तर भरल्या समुद्राशी बोलायला उरणार नाही. छाटणी नसती तर ही व्यवस्था चाललीच नसती.”

सुरंगी त्या ढेकळाकडे बघत राहिली. त्या फाट्याच्या टोकाला एक पोफळ होती. तिचं आळं तिने स्वतः सकाळी नीट कोरून ठेवलं होतं. आळं उघडं होतं, स्वच्छ होतं, फक्त त्यात पाणी नव्हतं.

“काकाचं आळं उघडं होतं,” ती हळूच म्हणाली. “वर कुठे तरी ढेकूळ होती.”

“तसं असू शकतं.”

“पण काकाचा डबा मागत असणार ना? ‘मला हवं आहे, मला हवं आहे’ म्हणून?”

“मागतच असणार. दिवा हिरवा होता.”

“मग त्याच्या बोयाने का नाही ऐकलं?”

“शेवटचा बोया खडपाच्या अलीकडे आहे. खडपाच्या पलीकडे बोया नाही. (खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. तिथे मासे जमतात.) तिथल्या होड्यांना एकमेकींच्या डब्यांवरच अवलंबून राहावं लागतं. डबा नुसता ऐकत नाही. मागच्या होडीची मागणी तो पुढे देतो आणि पुढचा संदेश मागे देतो. प्रत्येक डबा हा एक छोटा बोयाच आहे. काकाच्या आणि शेवटच्या बोयाच्या मधे एखादी होडी असेल आणि तिचा डबा बंद असेल, तर काकाची मागणी तिथेच विरेल. वर कुणालाच कळणार नाही की खाली माणूस आहे.”

काकीची कोयती थांबली होती.

“मधे कुणाची होडी होती?” सुरंगीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं.

“मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. सांगितलं ना, बोयाला नावं कळत नाहीत.”

पण सुरंगीला कळलं होतं. वादळाच्या दिवशी इशारा सुटला तेव्हा बाबा खडपावरून नुकताच निघत होता, होडी सुरमईने काठोकाठ भरून. आईने विचारलं होतं, “आज खंय गावली एवढी?” आणि बाबा हसून म्हणाला होता, “तां सांगूचा नसता. डबो निजवलंय आणि गप जाळा टाकलंय.” सुरंगीही तेव्हा हसली होती. बाबा खडपावर आणि काका त्याच्याही पलीकडे, हे तर दोघांचं लहानपणापासूनचं होतं.

डबा निजवणं ही आडबंदरातली सगळ्यांची सवय होती. ती जुन्या व्यवस्थेतून आली होती. तेव्हा प्रत्येक होडीला वेगळी प्रत पाठवायची म्हणून मनोऱ्यावर प्रत्येक होडीचं नाव आणि ठिकाण लागायचं. ते ठिकाण बंदरावरच्या पडद्यावर कुणीही पाहायचं. एखाद्याला मासा लागला की तासाभरात दहा होड्या तिथे हजर. म्हणून माणसं मासा लागला की डबा बंद करायला शिकली. व्यवस्था बदलली. सवय राहिली.

“कासवा,” सुरंगीचा आवाज बारीक झाला होता, “आता डबा चालू ठेवला, तर आपण कुठे आहोत ते बंदरावर कळतं?”

“नाही. शेजारच्या डब्याला कळतं की जवळपास कुणी आहे. त्याच्या पलीकडे कुणालाच काही कळत नाही.”

“म्हणजे निजवायची गरजच नव्हती?”

“नवी व्यवस्था आल्यापासून नव्हती.”

“हे कुणी कुणाला सांगितलं नाही?”

“डबे बसवायला आलेल्या माणसांनी कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. आतली रीत का बदलली ते सांगितलं नाही. इथल्या लोकांनी डबा का निजवतो ते त्यांना सांगितलं नाही. ते गुपित होतं ना.”

“आणि तू? तुला सगळं माहीत होतं!”

“मला बोये दुरुस्त करायला पाठवलं आहे. मला कुणी विचारलं नाही.”

सुरंगीने फाट्यातली ढेकूळ उचलली आणि दात-ओठ खात कासवावर मारली. ती ढालीवर फुटली. कासव हललं नाही. फाट्यातून पाणी सुटलं आणि धावत शेवटच्या पोफळीच्या आळ्यात शिरलं.

काकी मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा केळीच्या सुकलेल्या सोपटासारखा झाला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

“आदी बापाशीक सांग,” ती म्हणाली. “मगे गावाक.”

*

बाबा मांडवात जाळं सांधत बसला होता. सुरंगी समोर बसली आणि वाळूत बोटाने रेघा ओढत गेली. इथे मनोरा, इथे बोये, इथे शेवटचा बोया. मग खडप. खडपावर एक शिंपला ठेवला, त्याच्या पलीकडे आणखी एक.

“त्या दिवशी तू डबो निजवलंस मां, बाबा?”

“निजवलंय. मगे?” बाबाची सुई चालूच होती. “माझो डबो माझ्यासाठी. कुशाचो कुशासाठी. त्येचो हेच्याशी काय संबंध?”

सुरंगीने अलीकडचा शिंपला उचलून मुठीत घेतला. मग पलीकडच्या शिंपल्याकडे बोट दाखवलं. “आता ह्येका कोण सांगतलो?”

बाबाने आधी रेघांकडे पाहिलं, मग त्या एकट्या शिंपल्याकडे. सुई थांबली. समजत गेलेलं माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. सुरंगीला ते पाहवेना, पण तिने मान वळवली नाही.

“माका ठावक नाय होता,” तो अखेर म्हणाला.

“माका म्हायत आसा, तुका ठावक नाय होता.”

“येताना बंदराजवळ डबो चालू केलंय. तेव्हा परत परत येणारो इशारो आयकलंय. माका वाटला, कुशापन आयकता आसतलो…” त्याचा आवाज चिरला. मग एकदम कठोर झाला. “गावाक सांगू नको गो. सगळेच निजवतत. मी एकटोच काय?”

“लोक काकाक नावां ठेयतत.”

“माका ठावक नाय होता म्हणान सांगलंय मां!”

“आता ठावक आसा.”

“गप रव!” बाबा ओरडला. घरातून आई दारात आली. बाबाने जाळं बाजूला लोटलं, पण उठला नाही.

सुरंगीने मुठीतला शिंपला परत रेघेवर ठेवला. “परवा होड्यो ओढतले. उद्या दुपारी मी कोडां धाडतलंय. तुझा नाव घेवचंय नाय.”

बाबाने जाळं पुन्हा ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना त्याने सुरंगीच्या अंथरुणाशी थांबून एवढंच सांगितलं, “आज मी खडपार जातंय. गावकराचो बाळा माझ्या फुडे आसतलो.”

बाळा म्हणजे आबा गावकरांचा मुलगा. सुरंगी उठून बसली तोवर बाबा गेलाही होता. त्याने हे का सांगितलं, ते तिला कळेना. पण त्याचा अर्थ स्पष्ट होता. बाळा आज काकाच्या ठिकाणी असणार होता आणि बाबा त्याच्या स्वतःच्याच. कोडं बाळापर्यंत जायचं असेल, तर ते बाबाच्या डब्यातूनच जायचं. आणि डब्याचं बटण बाबाच्या हाताखाली होतं.

*

बंदरावरच्या खोलीत यंत्रासमोर बसल्यावर सुरंगीने आधी कोड्यांच्या वाहिनीचा दिवा पाहिला. तो लागलेला होता. म्हणजे खालून मागणी येत होती. इतके महिने तिने एकही कोडं पाठवलं नव्हतं, तरी कुठल्या तरी डब्यांनी ‘मला हवं आहे’ म्हणणं सोडलं नव्हतं. कोण असतील ते, हे मनोऱ्याला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

तिने लिहिलं:

‘एका होडीचा डबा जागा होता. दिवा हिरवा होता. इशारा सुटला, तरी तिला मिळाला नाही. तिच्या आणि शेवटच्या बोयाच्या मधे एकच होडी होती आणि त्या होडीने मासा लपवायला डबा निजवला होता. आपल्या डब्यातून दुसऱ्याचा संदेश जातो, हे तिला माहीत नव्हतं. डबा चालू ठेवला तरी आपलं ठिकाण बंदरावर कळत नाही, हेही माहीत नव्हतं. ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आता सांगा, इशारा मोडला कुणी?’

तिने बटण दाबलं. एकच प्रत निघाली. दाराशी बसलेलं कासव म्हणालं, “पहिल्या बोयाला मिळाली.” मग, “दुसऱ्याला.” मग, “शेवटच्या बोयाला.” त्यापुढचं त्याला सांगता येत नव्हतं.

बंदराजवळच्या होड्यांची उत्तरं लगेच आली. एकाने विचारलं, ‘ह्यां कोडां काय शिकवणी?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘किती दिवसांनी गो बाय!’ मग बहुधा त्यांनी पुन्हा वाचलं असावं, कारण एकदम सगळी गप्प झाली. ती शांतता सुरंगीला ऐकू येत होती. तिकडे समुद्रावर माणसं आपापल्या डब्याकडे, त्याच्या बटणाकडे बघत असतील, कधी कधी आणि कुठे कुठे आपण तो निजवला ते आठवत असतील.

दूरच्या टोकाकडून काहीच येईना.

ऊन खिडकीतून जमिनीवर आलं आणि कासवाच्या ढालीवर चढलं. सुरंगी नखं कुरतडत होती. बाबाने बटण दाबून डबा निजवला असेल. दाबलंच असेल. का नाही दाबणार? आपल्याविरुद्धची गोष्ट आपल्याच हाताने कोण पुढे देतं?

मग पडद्यावर ओळ उमटली.

‘मी बाळा. इशारो कोणीच मोडूक नाय. कुशान तर नायच.’

थोड्या वेळाने दुसरी ओळ आली.

‘आज मी कुशाच्या जाग्यार आसय. माझ्या आणि बोयाच्या मधी कोण आसा, तां माका दिसता. आबांक मी सांगतलंय.’

सुरंगीने कपाळ टेबलावर टेकलं.

“संदेश टोकापर्यंत गेला,” कासव म्हणालं. “उत्तरही आलं. म्हणजे मधला डबा जागा होता. कुणाचा ते मला माहीत नाही.”

“माझ्या बाबाचा,” सुरंगी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी वाळूवर सगळा गाव जमला. आबा गावकरांनी कुशाचं नाव मोठ्याने घेतलं आणि गावाचा नारळ काकीच्या हातात दिला. माफी कुणी मागितली नाही. गाव एका माणसासारखा चुकतो, पण माफी मागायची वेळ आली की त्याचे साठ वेगवेगळे तुकडे होतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. कुणी लवूलाही काही बोललं नाही. बोलणाऱ्याने स्वतःचा डबा आयुष्यात कधीच निजवलेला नसायला हवा होता, आणि असा एकही माणूस त्या वाळूवर नव्हता.

बाबा लांब, आपल्या होडीला टेकून उभा होता. काकी नारळ घेऊन पाण्याकडे निघाली. त्याच्या समोरून जाताना ती थांबली.

“काल डबो चालू ठेवलंस,” ती म्हणाली. “तां बरा केलंस.” बाबाने मान वर केली. “पण त्या दिवशी ठेवूक होयो होतो.”

ती पाण्यात गुडघाभर गेली, नारळ सोडला आणि परत येताना वाट बदलून गेली. त्यानंतर बाबा आठवड्यातून एकदा तिच्या दारात मासळी ठेवून यायचा. काकी ती शेजारणीला देऊन टाकायची. सुरंगी शिंपायला जायची तेव्हा मात्र काकी तिला बसवून भाकरी वाढायची. सुरंगीला तो घास गिळायला जड जायचा. तरी ती जात राहिली.

कासवाने मनोऱ्यावरच्या माणसांना सगळं कळवलं, कारण सुरंगीने त्याला तसं सांगितलं होतं. होड्या शाकारलेल्या होत्या त्या काळात डब्यांची रीत थोडी बदलली. आता डबा निजवला तर तो फक्त मालकापुरता निजतो. मागच्याची मागणी पुढे देणं आणि पुढचा संदेश मागे देणं, एवढं काम तो झोपेतही करतो. फाटा छाटण्याआधी बोया एकदा सगळं बळ लावून मोठ्याने विचारतो, ‘तिकडे कुणी आहे का?’ आणि शक्य असेल तिथे प्रत्येक डबा एकाऐवजी दोन शेजारी धरून ठेवतो. एक गप्प झाला तर दुसऱ्याकडे मागणी करायची. वीज थोडी जास्त लागते. कासवाने हिशोब करून सांगितलं की परवडते.

“आधीही परवडली असती,” सुरंगी म्हणाली.

“हो,” कासव म्हणालं.

नवा मोसम सुरू झाला, तेव्हा कासव एक नवा बोया ओढत खडपाच्या पलीकडे गेलं, जिथे आधी एकही नव्हता. सुरंगी बंदरावरच्या खोलीत यंत्रासमोर होती. सकाळीच होड्या गेल्या होत्या. बाबाही. जाताना तो म्हणाला होता, “आज सोपा कोडां घाल गो. माका येयत असा.” काका गेल्यापासून त्याने पहिल्यांदाच कोड्याचं नाव काढलं होतं. त्याला कोड्यांची उत्तरं येत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने कोडं लिहून ठेवलं आणि वाट पाहत बसली. बराच वेळ यंत्रावरचा नव्या बोयाचा दिवा विझलेलाच होता. मग तो लुकलुकला आणि हिरवा झाला. खडपाच्या पलीकडून मागणी चढून आली होती.

तिकडे कुणी तरी आहे, एवढंच तो दिवा सांगत होता. कोण ते कळत नव्हतं. काका नव्हता, हे तिला माहीत होतं. तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं.